खड्ड्याला पाणी घालणारे तायडे भाऊ

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीचे नियम मी लिहिले, आणि ज्यांच्याकडून ते नियम शिकलो त्यांनाच त्या खोलीत जागा ठेवली नाही. ही चूक मी पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, मजकूर तीनदा वाचून केली. वर टाइप करून तिच्या पाच प्रती काढल्या.

कॉलेजचं नाव सांगत नाही. जळगावहून धुळ्याकडे निघालात की एरंडोलच्या आगेमागे कुठेतरी ते आहे, एवढं पुरे. माझ्यामुळे त्याची आधीच बरीच शोभा झालेली आहे. मी तिथे फिजिक्स शिकवायचो, म्हणजे फळ्यावर. प्रयोगशाळेत शिकवायचे ते सुपडू तायडे. हजेरीपटावर ते 'परिचर' होते, शिक्षण दहावी. पण परीक्षेच्या आधी मुलं मला नमस्कार करून त्यांच्याकडे जायची.

उंच माणूस, खांद्यात जरा वाकलेला. पांढरा शर्ट, खिशात टेस्टर. बोलणं रावेरकडचं, मले-तुले करणारं. आमचा शिपाई गुलाब शिंदखेड्याचा, पक्का अहिराणी. दोघं आपापल्या बोलीत तासभर भांडायचे आणि मग एकाच बशीतला चहा प्यायचे.

कुठल्याही यंत्राला तायडे भाऊ आधी उलटा हात लावायचे. आई पोराचा ताप बघते ना, तसा. मला वाटायचं ही लकब आहे. एकदा विचारलं, तर म्हणाले, "तळहात लावला आन् अंगात करंट आसला तं मूठ आवळते, सर. मंग सुटत नाही. उलटा हात आपोआप झटकून येते." मी एम.एस्सी. आहे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यांचं एक लांबोडकं रजिस्टर होतं, लाल कापडी पाठीचं. कॉलेजातल्या प्रत्येक यंत्राला त्यात एक पान. यंत्र कधी आलं, कधी रुसलं, कोणी बरं केलं. पण खरी गंमत पानाच्या वरच्या कोपऱ्यात असायची. तिथे यंत्राची जात लिहिलेली असे: 'एका गाडीचं', 'दोन गाड्यांचं' किंवा 'रेल्वेचं'. बिघडल्यावर जे जळगावला किंवा धुळ्याला नीट होतं ते एका गाडीचं. ज्याच्यासाठी वाटेत एसटी बदलावी लागते ते दोन गाड्यांचं. आणि जे मुंबईलाच न्यावं लागतं ते रेल्वेचं.

"रेल्वेचं यंत्र एकटं घ्यायचं नाही," हा त्यांचा नियम. "एक मुंबईले गेलं तं दुसरं घरी पाह्यजे. नाही तं पोरं काय फळ्याले तारा जोडतीन?"

मी नवा होतो, हसलो. त्या वर्षी माझ्या आग्रहाने कॉलेजने एक देखणा ऑसिलोस्कोप घेतला. विक्रेता टायवाला होता. तायडे भाऊंनी त्याच्यापुढे स्क्रू-ड्रायव्हर धरला.

"साहेब, हे जरा खोलून दाखवा."

"खोलायचं नसतं. वॉरंटी जाते."

"मंग बिघडल्यावर कोण खोलील?"

"आमचा इंजिनिअर येईल ना मुंबईहून."

"कोणत्या गाडीनं?"

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी तायडे भाऊंना म्हटलं, "भाऊ, जरा बाहेर चहाचं बघता का?" ते चहाचं बघायला गेले. चार महिन्यांनी ऑसिलोस्कोप मुंबईला दुरुस्तीला गेला. तो अजून तिथेच असावा. त्याचं पान रजिस्टरात आहे. कोपऱ्यात 'रेल्वेचं', आणि खाली एकच ओळ: 'सरांनी घेतलं.'

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे कॉम्प्युटर आले. चार. आले म्हणजे काय, वरातच. प्राचार्यांनी नारळ फोडला, पडद्यांना हळदकुंकू लागलं, आणि धूळ नको म्हणून खोलीबाहेर चपला काढायची प्रथा पडली. प्राचार्यांनी बूट काढले तेव्हा मोज्यातून अंगठा बाहेर आला. सगळ्यांनी एकदम कॉम्प्युटरकडे पाहिलं. तायडे भाऊ मात्र कापसाचा बोळा घेऊन कीबोर्डाच्या फटींतलं कुंकू टिपत होते.

मग ते कॉम्प्युटर घेऊन आलेल्या दुकानदाराला म्हणाले, "यातलं एक पत्र्याखाली चालवून पाहू."

मागे सायकलींची पत्र्याची शेड होती. दिवस चैत्राचे, वेळ दुपारची. आमच्याकडच्या चैत्रातल्या दुपारी पत्र्याखाली कुत्रंही बसत नाही. दुकानदार हातापाया पडला. तायडे भाऊंचं एकच म्हणणं, "मे महिन्यात परीक्षा राहते. तवा तुमी येणार नाही, ऊन येणार." प्राचार्यांना हा तमाशा आवडला आणि त्यांनी होकार दिला. कॉम्प्युटर चाळीस मिनिटं चालला आणि मग त्याचा पडदा काळा झाला. संध्याकाळी गार झाल्यावर तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा दुकानदाराने खुद्द कॉम्प्युटरला नमस्कार केला. पण आम्हाला कळायचं ते कळलं. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली रद्द झाली. कॉम्प्युटर तळमजल्यावर, ग्रंथालयाच्या मागच्या थंड खोलीत गेले. खिडकीला वाळ्याचा पडदा आला. आणि खिडकीबाहेर तायडे भाऊंनी स्वतः खड्डा खणला.

हा अर्थिंगचा खड्डा. पुरुषभर खोल. त्यात तांब्याची पत्री, कोळसा, खडं मीठ, आणि वर तोंड काढलेला एक पाइप. यंत्रांची तार त्या पत्रीला बांधलेली, म्हणजे चुकार करंट माणसात न शिरता जमिनीत जातो. पण जमीन ओली असेल तरच. आमची जमीन फाल्गुनातच भेगाळते. म्हणून तायडे भाऊ रोज सकाळी एक बादली पाणी त्या पाइपात ओतायचे. गावाला दिवसाआड पाणी यायचं. नसेल त्या दिवशी ते प्रयोगशाळेत हात धुतलेलं पाणी साठवून आणायचे. गुलाब त्यांना चिडवायचा, "काय भाऊ, झाड लायं का?" ते म्हणायचे, "हो. फळं घरात लागले."

पहिल्या प्रॅक्टिकलचा दिवस मला आठवतो. वीस मुलं चार यंत्रांभोवती हात मागे बांधून उभी. मी म्हटलं, "आज फक्त बघायचं. कोणी हात लावू नका." माझा आवाज देवळातल्या पुजाऱ्यासारखा झाला होता, असं नंतर गुलाबने सांगितलं.

तायडे भाऊ मागून म्हणाले, "सर, पाह्यल्यानं काय येते?"

त्यांनी एका मुलीला पुढे घेतलं. खेड्यातून सायकलवर यायची, नेहमी शेवटच्या बाकावर. "दाब, बाई."

"काय दाबू, भाऊ?"

"तुझ्या नावाचं पह्यलं अक्षर."

तिने दाबलं. पडद्यावर ते उमटलं. "आलं!" ती ओरडली, आणि अशी हसली की बाकीची एकोणीस मुलं यंत्रांवर तुटून पडली. माझा वर्ग त्या दिवशी माझ्या हातातून गेला तो गेलाच.

संध्याकाळी रजिस्टरात नवी ओळ होती: 'पहिल्या दिवशी प्रत्येकाचा हात यंत्राला लागला पाहिजे.' मी विचारलं, "भाऊ, याचा एवढा हट्ट का?"

ते कव्हरं घालत होते. न वळता म्हणाले, "आमच्या गावात एक विहीर होती, सर. तिचं मले सगळं माहीत होतं. पायऱ्या कितीक, पानी कितीक. दुरून."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही.

पुढच्या वर्षी कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमाला मान्यता मिळायची होती. त्यासाठी विद्यापीठाची समिती येणार होती आणि तिला लेखी मानकं हवी होती. यंत्रं कशी निवडावीत, कशी ठेवावीत, त्यांची देखभाल कोणी करावी. देखभालीसाठी एक नवं पदही मंजूर होणार होतं. त्या खुर्चीवर तायडे भाऊ बसणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं. त्यांना निवृत्तीला चार वर्षं होती. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही. फक्त एक दिवस नवा शर्ट घालून आले आणि खोलीत आपल्यासाठी टेबल कुठे बसेल ते पावलांनी मोजताना मला दिसले. मला पाहून म्हणाले, "फरशी तपासू राह्यलो."

मानकं लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुण्याला तीन आठवड्यांचा कोर्स करून आलो होतो. तिथून मी ज्ञान थोडं आणि भाषा बरीच आणली होती. आठवडाभर तायडे भाऊ समोर बसून रजिस्टर वाचायचे आणि मी त्याचं इंग्रजी करायचो. 'एका गाडीचं यंत्र' याचं मी असं काही भारदस्त भाषांतर केलं की ते वाचून मलाच धाक वाटला. 'रोज सकाळी खड्ड्यात एक बादली पाणी' ही ओळ मी गाळली. समितीपुढे बादली बरी दिसली नसती. आणि शेवटी, कागद वजनदार व्हावा म्हणून, एक कलम माझ्या पदरचं घातलं. देखभाल-कर्मचारी पदविकाधारकच असावा, इतर कर्मचाऱ्यांनी यंत्रास स्पर्श करू नये.

ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तायडे भाऊ आलेच नाहीत. खोटं कशाला बोलू? ते माझ्या समोरच बसले होते.

समिती खूश झाली. अध्यक्षांनी माझा हात हातात घेऊन "आदर्श" असं म्हटलं. मान्यता आली, मी विभागप्रमुख झालो, आणि प्राचार्यांनी फर्मावलं की हे नियम मराठीत करून खोलीच्या दारावर लावा. कॉलेजातले सगळे बोर्ड तायडे भाऊ रंगवायचे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. मी कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उभ्याने वाचला. मग स्टुलावर बसून पुन्हा वाचला.

"सर, हे सगळं असंच लिहायचं?"

"असंच."

"यातलं काही बदलायचं नाही?"

"अहो, समितीने मंजूर केलंय, भाऊ. आता काना-मात्रा हलवायची सोय नाही."

"बरं," ते म्हणाले.

दोन दिवस ते व्हरांड्यात बसून रंगवत होते. पांढऱ्यावर निळी अक्षरं. मी जाता-येता बघायचो. 'यंत्रास स्पर्श करू नये' ही शेवटची ओळ तर इतकी सुरेख आली होती की मी थांबून म्हटलं, "वा भाऊ! काय अक्षर आहे!" त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्याला पुसला, आणि खोलीच्या किल्ल्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मला वाटलं रजेवर चालले. "लवकर या," म्हटलं.

ते कुठेही गेले नव्हते. जिन्यापलीकडच्या जुन्या प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटर पुसत होते. मला हे कळायला आठ दिवस लागले, आणि तेही गुलाबने सांगितलं म्हणून.

नव्या पदावर पाटील नावाचे पदविकाधारक आले. सज्जन गृहस्थ. त्यांनी दारावरचे नियम पाठ केले आणि ते काटेकोर पाळले. नियमांत बादली नव्हती.

मे महिन्यात, परीक्षेच्या आदल्या दिवशी, गुलाब माझ्या घरी धापा टाकत आला. "सर, बठ्ठं बंद पडी गयं! पाटील सरले झटका बसना!"

मी पोहोचलो तेव्हा पाटील कोपऱ्यात दंड चोळत बसले होते. चारांपैकी तीन पडदे काळे. चौथ्याच्या पत्र्याला मी तळहात लावला, आणि मला जे माहीत होतं ते सगळं एका क्षणात पुन्हा माहीत झालं. सुदैवाने मुठीला धरायला काही नव्हतं. मी जिना ओलांडून धावत प्रयोगशाळेत गेलो.

तायडे भाऊ लगेच आले. पण दारात थांबले. हात पाठीमागे.

"आत या ना!"

"इथूनच सांगतो. मेन बंद करा. खड्ड्यात पानी कोण टाकते?"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं, मी गुलाबकडे.

"एक काम करा. चार बादल्या टाका. तार जोडली ते जागा घासा. मंग एकेक करून चालू करा, सगळे एकदम नाही." गुलाब धावला. मी तार शोधायला वाकलो, भलतीच तार धरली. ते दारातून म्हणाले, "ते नाही, सर. हिरवी."

"भाऊ, तुम्हीच करा ना! दोन मिनिटांचं काम आहे तुमचं."

त्यांनी मान वर करून दारावर पाहिलं. स्वतःच्याच अक्षराकडे.

"अहो, तो नियम तुमच्यासाठी नाही हो," मी म्हटलं.

"मंग कोणासाठी हाये, सर?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. पदविका नसलेला, यंत्राला हात लावू शकणारा असा दुसरा माणूस कॉलेजात कोणी होता का, हे मी मनातल्या मनात शोधलं. नव्हता. ते कलम मी जगातल्या एकाच माणसासाठी लिहिलं होतं.

त्या दिवशी त्यांनी दोन तास दारात उभं राहून, एकेका शब्दाने, माझ्या हातांकडून काम करून घेतलं. दोन यंत्रं वाचली. परीक्षा झाली.

मी प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, ते कलम काढू या. ते म्हणाले, "मान्यता त्याच कागदावर मिळाली आहे, सर. फेरफार म्हणजे पुन्हा समिती. आणि तुमचं विभागप्रमुखपदही त्याच फाइलमध्ये आहे." मी म्हटलं, "बरोबर आहे, सर." वर त्यांचा चहाही पिऊन आलो. वर्षभरात पाटील बदलून गेले, दुसरे पदविकाधारक आले, तेही गेले. दरवेळी मी मनाशी म्हणायचो, या खेपेला बोलतो.

पाटलांना झटका बसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मात्र खिडकीबाहेर बादलीचा आवाज आला होता. तायडे भाऊ पाणी ओतत होते. मी खिडकीशी गेलो. ते म्हणाले, "खड्डा खोलीच्या बाहेर हाये. तुमच्या कागदात बाहेरचं काही लिहेल नाही." त्यानंतर निवृत्तीपर्यंत एक सकाळ त्यांनी चुकवली नाही. वैशाख पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जायचे, तेव्हासुद्धा आधी इकडे येऊन, धोतराचा सोगा सावरत, बादली ओतून जायचे. पडद्याच्या फटीतून आत बघायचे. यंत्रांचा आवाज कान देऊन ऐकायचे. नवी मुलं त्यांना माळी समजायची.

निरोप समारंभात मी वीस मिनिटं बोललो. त्यांना आमच्या कॉम्प्युटर विभागाचे शिल्पकार म्हटलं. टाळ्या पडल्या. शाल, नारळ झालं. त्यांना बोलायला सांगितलं तर उभे राहिले, माइककडे बघत म्हणाले, "मले बोलता येत नाही. खड्ड्यात पानी टाकत जा." आणि बसले. सगळे हसले. मी जरा जास्तच मोठ्याने हसलो, कारण मी व्यासपीठावर होतो आणि तिथे रडण्याची पद्धत नव्हती.

त्यानंतर पाच वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात इमारतीला रंग लागला. मी सुट्टीवरून आलो तर दारावर बोर्ड नव्हता. भिंतीला चार भोकं होती, तीही रंगाने बुजलेली. त्याच आठवड्यात गुलाबने सांगितलं की तायडे भाऊ अंथरुणाला खिळलेत. मी रविवारी रावेरची गाडी धरली.

तीन तास मी एकच वाक्य घोकत होतो, 'भाऊ, बोर्ड काढला.' छोटं, नीटनेटकं वाक्य. त्यात कोणी काढला हे येत नाही. भाषा शिकून आलो होतो म्हटलं ना.

रावेरच्या पुढे केळीचे ट्रक रस्ता अडवून उभे होते. त्यांच्या गावात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. ओसरीवर खाटेवर ते होते. खाटेवर माणूस आहे की नुसतं पांघरूण, हे जवळ गेल्यावर कळलं. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई उशाशी बसून हातपंख्याने वारा घालत होत्या.

"सर आले," त्या त्यांच्या कानाशी म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले. ओळखलं. बऱ्याच वेळाने विचारलं, "चौथा चालते का?"

"तो जुना झाला, भाऊ. आता नवे आलेत. वीस."

"वीस," ते म्हणाले. चेहऱ्यावर काहीतरी हललं. "पोरं हात लावतात?"

"लावतात."

ते समाधानाने पडून राहिले. मी ते वाक्य बाहेर काढलं. "भाऊ, बोर्ड काढला."

पंखा थांबला. वच्छलाबाई माझ्याकडे बघत होत्या. तायडे भाऊंनीही मान वळवली.

"तुमी काढला?"

हो म्हणायला माझी काही हरकत नव्हती. एका अक्षराचा शब्द. तोंडात आला होता. पण त्यांनी माझ्याकडे ज्या विश्वासाने पाहिलं त्या विश्वासाने त्यांनी कुठल्याही यंत्राकडे कधी पाहिलं नसेल, आणि माझ्याने ते झालं नाही.

"रंगवाले आले होते," मी म्हटलं. "त्यांनी काढला. मग परत लावला नाही कोणी."

त्यांनी मान पुन्हा सरळ केली. मग हळू म्हणाले, "बरं झालं. भित खराब झाली आसन." आणि डोळे मिटले. मी आणखी अर्धा तास बसलो. ते जागे होते हे मला दिसत होतं, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचं मला झालेलं दर्शन ते शेवटचं. दीड महिन्याने गुलाबने बातमी आणली.

त्या दुपारी मी निघालो. वच्छलाबाई अंगणापर्यंत सोडायला आल्या. मी चपला घालत, काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "वहिनी, मला तो बोर्ड फार दिवसांपासून काढायचा होता."

"कितीक खिळे होते त्याले?"

"चार."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चार खिळे," त्या म्हणाल्या. "मंग तुमाले काय हात नव्हते का, सर?"